सीएनसी लेथवर रेडियस मारायचा असेल तर

सरळ टर्निंग आणि फेसिंगचे प्रोग्रॅम जमायला लागतात, आणि मग एखाद्या ड्रॉइंगवर ‘आर ५’ (५ मिमी त्रिज्येची गोलाई) दिसतो आणि हात अडतो. खरं तर रेडियसचा कोड एका ओळीचा असतो. चुकतं ते त्याआधीचं गणित. म्हणून कंट्रोलला हात लावण्याआधी कागदावर तो कोपरा मोठा करून काढा आणि तीन बिंदू मांडा: कमान कुठे सुरू होते, कुठे संपते आणि तिचा मध्य कुठे आहे.

समजा जॉबचा व्यास ४० मिमी आहे आणि फेसकडच्या कोपऱ्यावर ५ मिमीचा बाहेरचा रेडियस हवा आहे. फेस (जॉबचं समोरचं टोक) म्हणजे झेड ०; झेड हा लांबीचा अक्ष, एक्स व्यासाचा. कमान संपते व्यास ४० वर, झेड उणे ५ ला. सुरू होते फेसवरच, पण किती व्यासावर? लेथवर एक्स सहसा व्यासात लिहितात, म्हणून ५ नाही, १० वजा करायचे: सुरुवात एक्स ३०. झेड आणि आर मात्र दुप्पट होत नाहीत.

नवशिके नेमके इथे फसतात. घाईत एक्स ३५ धरला, तरी एक्स ३५ झेड ० आणि एक्स ४० झेड उणे ५ या दोन बिंदूंमधून ५ ची कमान जाऊ शकते. त्यामुळे अलार्म येत नाही. मशीन निमूटपणे चुकीचा आकार कापतं. पाव वर्तुळ असेल तर ताळा सोपा आहे: एक्समधल्या फरकाचा निम्मा, झेडमधला फरक आणि आर हे तिन्ही सारखे यायला हवेत.

आता कमानीची दिशा. तिचे कोड दोन: जी०२ आणि जी०३. टूल फेसकडून चककडे (जॉब पकडणाऱ्या भागाकडे) जात असेल, तर बाहेरच्या फुगीर कोपऱ्याला जी०३ आणि शोल्डरच्या (व्यास एकदम वाढतो त्या पायरीच्या) आतल्या खोलगट कोपऱ्याला जी०२. घड्याळाच्या काट्यांचा नियम पुस्तकात असतो, पण टरेट (टूल धरणारा भाग) पुढे असलेल्या मशीनवर चित्र उलटं दिसतं आणि गोंधळ उडतो. फुगीर-खोलगट लक्षात ठेवणं बरं.

फेस आधीच मारला आहे आणि रफिंगही झालं आहे असं धरून फॅनुक कंट्रोलच्या पद्धतीचा फिनिशिंगचा भाग असा होईल (मशीनवर अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी):

जी०० एक्स२४.० झेड५.०
जी०१ जी४२ झेड०.० एफ०.१५
एक्स३०.०
जी०३ एक्स४०.० झेड-५.० आर५.०
जी०१ झेड-३०.०
एक्स४४.०
जी४० जी०० एक्स६०.०

एफ इथे दर फेऱ्याला मिमीमध्ये आहे. दशांश चिन्ह विसरू नका. बऱ्याच कंट्रोलवर नुसता ३० म्हणजे ०.०३० मिमी. सिमेन्सच्या कंट्रोलवर आर ऐवजी सीआर= लिहावं लागतं.

दुसऱ्या ओळीतला जी४२ कशासाठी? इन्सर्टचं (टूलवरच्या कापणाऱ्या तुकड्याचं) टोक सुईसारखं नसतं, त्यालाही ०.४ किंवा ०.८ मिमीचा गोलावा असतो. सरळ व्यासावर किंवा फेसवर त्याचा फरक पडत नाही, कमानीवर पडतो. जी४२ तो फरक भरून काढतो (यालाच कॉम्पेन्सेशन म्हणतात; जी४० ते बंद करतो), पण त्यासाठी ऑफसेट पेजवर त्या टूलसमोर नोज रेडियस (टोकाचा गोलावा) आणि टिप नंबर (टोक कोणत्या दिशेला आहे ते सांगणारा आकडा) भरलेला हवा. चककडे कापणाऱ्या बाहेरच्या टर्निंग टूलला टिप नंबर ३. बोअरिंगला जी४१ आणि टिप नंबर २.

कॉम्पेन्सेशन वापरायचंच नसेल, तर ०.८ च्या इन्सर्टसाठी आकडे स्वतः बदलावे लागतात: सुरुवात एक्स२८.४, शेवट एक्स४०.० झेड-५.८, आर५.८. खोलगट कोपऱ्यात उलट, नोज रेडियस वजा होतो. ड्रॉइंगवरच्या आतल्या रेडियसपेक्षा मोठ्या नोजचा इन्सर्ट तिथे चालतच नाही.

पहिला जॉब लावण्याआधी कंट्रोलच्या पडद्यावर ग्राफिक बघा. मग टूल जॉबपासून लांब ठेवून सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एक ओळ), रॅपिड (जी०० चा वेग) कमी करून एक फेरी घ्या.

जॉब उतरला की रेडियस गेज लावून उजेडासमोर धरा. मधे उजेड दिसला तर कमान हवी त्यापेक्षा चपटी आली आहे. प्रोग्रॅममधले आकडे तपासा. गेज मधे टेकतंय आणि टोकांना उजेड आहे, पण व्यास आणि लांबी बरोबर आहेत, तर कमान लहान पडली आहे. ०.८ च्या इन्सर्टने ५ ऐवजी ४.२ येतो तो असा. अशा वेळी प्रोग्रॅमला हात लावू नका; ऑफसेट पेजवर नोज रेडियसच्या जागी शून्य राहिलंय का, ते आधी पाहा.