अल्बमचे वेष्टन श्रोत्यानुसार कसे आखावे

गाण्यांचे ध्वनिमुद्रण संपले की वेष्टनाची चर्चा सुरू होते आणि बहुधा 'चित्र कोणते घ्यायचे?' हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. खरे तर त्याची पाळी बरीच नंतर यायला हवी.

प्रथम श्रोता ठरवावा, आणि तोही केवळ वयावरून नव्हे, तर अल्बम हाती घेण्याच्या त्याच्या सवयीवरून. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचा रसिक वेष्टन उलटून मागची बाजू वाचतो. राग, ताल, बंदिशीचे बोल, साथीदारांची नावे आणि प्रत्येक रचनेचा अवधी त्याला तेथे हवा असतो. भावगीतांचा चाहता कवी आणि संगीतकार कोण हे शोधतो. के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या, चाहत्यांची रीत अगदीच निराळी आहे. त्यांच्यासाठी एकच अल्बम अनेक आवृत्त्यांत निघतो, आत कोणत्या गायकाचे फोटोकार्ड असेल हे उघडेपर्यंत कळत नाही, आणि त्यामुळे वेष्टन उघडणे हाच खरेदीतला मोठा आनंद असतो.

यानंतर त्या संगीतप्रकाराची दृश्य परंपरा अभ्यासावी. एके काळी तबकड्या साध्या, रंगहीन पुठ्ठ्यात विकल्या जात. १९४० मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीसाठी अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी चित्रमय वेष्टने सुरू केली. पुढे ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी रीड माइल्स यांनी फ्रान्सिस वुल्फ यांची छायाचित्रे, एक-दोन रंग आणि ठसठशीत अक्षरे यांतून अशी शैली घडवली की जॅझचा शौकीन ती दुरूनच ओळखू लागला. माइल्स स्वतः जॅझचे फारसे चाहते नव्हते, ही बाब संकोची चित्रकारांना धीर देणारी आहे.

मग दर्शनी भागावर काय लिहायचे आणि काय गाळायचे, याचा निर्णय घ्यावा. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या १९७९ मधील पहिल्या अल्बमसाठी पीटर सॅव्हिल यांनी एका स्पंदकाच्या (ठरावीक लयीत रेडिओलहरी पाठवणाऱ्या ताऱ्याच्या, म्हणजे पल्सरच्या) रेडिओलहरींचा आलेख काळ्या पार्श्वभूमीवर छापला. पुढच्या बाजूस ना बँडचे नाव, ना अल्बमचे. ज्या श्रोत्याला 'आपल्यालाच हे ठाऊक आहे' असे वाटायला आवडते, त्याला असे मौन ओढून घेते. पण लग्नाच्या गाण्यांचा संग्रह शोधणाऱ्या गृहस्थांना ते कोड्यात टाकील, म्हणून तेथे नाव मोठेच असावे.

चित्राचा कच्चा आराखडा तयार झाला की तो तीन मापांत छापून पाहावा: एलपी तबकडीसाठी सुमारे ३१ सेंटिमीटर, सीडीच्या पुस्तिकेसाठी १२ सेंटिमीटर आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसेल तसा जेमतेम दोन सेंटिमीटर. सर्वांत लहान मापात जे ओळखू येत नाही, ते गाळावे किंवा आत न्यावे.

शेवटी खरी प्रत बनवून हाताळावी, विशेषतः काही हौशी कल्पना मनात असेल तर. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ मधील एका अल्बमवर खरीखुरी झिप बसवली होती. वाहतुकीत एकावर एक रचलेल्या प्रतींमध्ये तिच्या दाबाने तबकड्यांवर खुणा पडू लागल्या. उपाय साधाच निघाला: झिप अर्ध्यावर उघडून ठेवायची, म्हणजे दाब मधल्या कागदी लेबलवर येतो. त्यामुळे आपल्याही दहा-बारा नमुना प्रती एकमेकींवर रचून आठवडाभर ठेवाव्यात आणि त्यानंतरच छपाईची मागणी नोंदवावी.