काकू, माझा टॅक्स कोड बदललाय!

"काकू, पगारात गडबड झालीये. कंपनीने पैसे कापलेत."

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी रात्री दहाला हा मेसेज आला. पाठवणारा नाशिकचा मुलगा. सप्टेंबरमध्ये मास्टर्स संपवलं, जानेवारीत आयुष्यातल्या पहिल्या नोकरीला लागला. पगार महिना 3,000 पौंड. नेटवरच्या कॅल्क्युलेटरने हातात साधारण 2,450 येतील असं सांगितलं होतं आणि त्या भरवशावर पठ्ठ्याने ब्रिटनमधल्या रेडिंगमध्ये खोली घेतली होती. खात्यात आले 2,244. मी म्हटलं, आकडे राहू दे, पेस्लिपवर 'टॅक्स कोड' लिहिलेला कोपरा तेवढा फोटो काढून पाठव. तिथे होतं: 0टी एम1.

कंपनीने स्वतःच्या मनाने काहीच कापलं नव्हतं. ब्रिटनमध्ये येऊन मला आता बरीच वर्षं झाली, आणि नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे एकदा तरी समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे टीडीएस किती कापायचा हे कंपनीचा अकाउंट्सवाला ठरवतो. आपण त्याला गुंतवणुकीचे पुरावे देतो, घरभाड्याच्या पावत्या देतो, मार्चमध्ये त्याच्याशी भांडतो. इथे पेरोलवाल्याच्या, म्हणजे पगार काढणाऱ्याच्या, हातात काही नसतं. एचएमआरसी, म्हणजे इथलं टॅक्स खातं, त्याला एक कोड कळवतं आणि तो त्या कोडाप्रमाणे कापतो. त्याला कितीही मेल केलेत तरी तो कोड स्वतःच्या मनाने बदलू शकत नाही. नव्या नोकरीत एचएमआरसीचा कोड येईपर्यंत मात्र तो तुमच्या फॉर्मवरून, आणि पहिल्या पगाराआधी फॉर्म पोचलाच नाही तर ठरलेल्या नियमाने, तात्पुरता कोड लावतो.

या मुलाचं नेमकं तेच झालं होतं. नवीन नोकरीत 'स्टार्टर चेकलिस्ट' नावाचा फॉर्म देतात. त्यात ए, बी, सी अशी तीन विधानं असतात आणि एकावर खूण करायची असते. या करवर्षात, म्हणजे 6 एप्रिलपासून, ही पहिलीच नोकरी असेल आणि बाकी कुठला सरकारी भत्ता किंवा पेन्शन नसेल तर ए. आधी दुसरी नोकरी होती पण आता हीच एक, तर बी. दुसरी नोकरी अजून चालूच आहे, तर सी. याचा नॅशनल इन्शुरन्स (इथला सरकारी सामाजिक विमा) नंबर यायचा होता, म्हणून फॉर्म तसाच टेबलावर ठेवला. नंबर आला की भरू म्हणे! नंबराशिवायही तो फॉर्म देता येतो. न दिल्यास पेरोल 0टी एम1 लावतो, म्हणजे करमाफीची रक्कम शून्य धरून पहिल्या पौंडापासून टॅक्स. 3,000 वर 20 टक्के, झाले 600. उरलेली कपात नॅशनल इन्शुरन्सची.

खरं म्हणजे त्याला त्या वर्षी एक पैसाही टॅक्स लागत नव्हता. करवर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल (ही विचित्र तारीख 1752 साली कॅलेंडर बदलताना 11 दिवस गाळले गेले, त्याचं शेपूट). वर्षाला 12,570 पौंडांपर्यंत माफी. याचे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मिळून पगार 9,000. वर्षाच्या मध्ये नोकरी लागली म्हणून माफी अर्धी होत नाही, पूर्ण मिळते. ए वर खूण असती तर कोड साधा 1257एल लागला असता आणि तीन महिने टॅक्सच्या रकान्यात शून्य दिसलं असतं. म्हणजे तो कॅल्क्युलेटरही चुकलाच होता, कारण त्याने अख्ख्या वर्षाची नोकरी धरली होती.

आता कोड वाचायचा कसा. 1257 ला दहाने गुणा, 12,570. ही रक्कम 2021 पासून तशीच गोठवून ठेवली आहे, त्यामुळे बहुतेकांचा कोड हाच. एल म्हणजे साधी माफी. मागे एम1, डब्ल्यू1 किंवा एक्स लागलं असेल तर दर महिना किंवा आठवडा सुटा मोजला जातोय, मागचं काही जुळवलं जात नाही. यालाच लोक 'इमर्जन्सी कोड' म्हणतात. बीआर म्हणजे सरसकट 20 टक्के, डी0 म्हणजे सरसकट 40. आकड्यापुढे एस दिसला तर तुम्ही त्यांच्या लेखी स्कॉटलंडचे, सी दिसला तर वेल्सचे. ग्लासगोला बदली झाल्यावर एस1257एल आला म्हणून घाबरलेले लोक मी पाहिलेत. तिथले टप्पे वेगळे आहेत, एवढंच. के मात्र जपून बघा. के म्हणजे तुमच्या माफीतून वजा करायची रक्कम माफीपेक्षाच जास्त झाली आहे. तरी त्यातही एका पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त टॅक्स कापता येत नाही.

आणि नॅशनल इन्शुरन्सचा या कोडाशी संबंध नाही. ते वेगळं कापतात, त्याच्यावरून भांडू नका.

मला जे सांगायचंय ते इथे आहे. कोड म्हणजे तुमच्याविषयी एचएमआरसीने बांधलेला अंदाज. किती नोकऱ्या, वर्षाचा पगार साधारण किती, कंपनीकडून आणखी काय मिळतं, मागचं काही देणं आहे का. कोड अचानक बदलला याचा अर्थ यातली एखादी गोष्ट त्यांच्याकडे बदलली. ती खरी बदललीय की चुकून, एवढंच शोधायचं. त्यासाठी एचएमआरसीचं अ‍ॅप घ्या किंवा पर्सनल टॅक्स अकाउंट उघडा. पगार नीट येत असतानाच उघडून ठेवा, कारण ओळख पटवण्याचे सोपस्कार ऐन घाईत डोकं फिरवतात. आत गेलात की कोड कसा बनवला याची फोड दिसते: एवढी माफी, त्यातून एवढं वजा, अमुक कारणासाठी. पेस्लिप आणि ती फोड शेजारी-शेजारी ठेवलीत की चूक बहुधा पाच मिनिटांत सापडते.

माझी सापडायला तीन महिने लागले, कारण मी बघितलंच नाही. काही वर्षांपूर्वी नोकरी बदलली. जुन्या कंपनीने माझी सोडल्याची तारीख कळवलीच नव्हती. कागदोपत्री मी दोन ठिकाणी काम करत होते. माफी सगळी जुन्या नोकरीला चिकटलेली आणि नव्या नोकरीवर बीआर. त्याबद्दलचं पत्रही आलं होतं, पण हाउन्स्लोच्या जुन्या खोलीवर, कारण पत्ता मी बदलला नव्हता. अ‍ॅपमध्ये पाहिलं तर जुनी नोकरी ठणठणीत चालू! पी45 हातात घेऊन फोन केला, सोडल्याची तारीख सांगितली. पुढच्या पगाराला कोड सरळ झाला आणि जास्तीचे पैसे त्याच पेस्लिपमधून परत आले. पी45 म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा कागद. तो नव्या कंपनीला पहिल्याच दिवशी द्या, आणि देण्याआधी त्याचा फोटो काढा.

आयटीवाल्यांची एक खास तऱ्हा आहे. जॉइनिंग बोनस मिळतो, किंवा पहिल्याच महिन्यात आधीची थकबाकी येते, आणि तो मोठा आकडा बघून वर्षाच्या पगाराचा अंदाज फुगतो. एक लाख पौंडांच्या वर गेलात की दर दोन पौंडांमागे एक पौंड माफी कमी होते आणि 1,25,140 ला ती संपते. म्हणजे पगार सत्तर-ऐंशी हजार असलेल्या माणसाचा कोड उगाच आकसतो. हा अंदाज तुम्ही स्वतः अ‍ॅपमध्ये दुरुस्त करू शकता. खरा आकडा टाका. कमी टाकून खूश होऊ नका, वर्षअखेरीला मेळ घालतात.

प्रत्येक बदल चूक नसतो. कंपनीने आरोग्य विमा दिला आणि त्याची किंमत 900 पौंड असेल तर 1257एल चा 1167एल होणार, ते बरोबर आहे. (काही कंपन्या ती किंमत थेट पगारात धरतात, मग कोडाला हात लागत नाही.) बचत खात्यावरचं व्याज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर तेही कोडात शिरतं. उलटंही होतं. नर्स म्हणून आलेल्या मुलींनो, तुमच्या नर्सिंग कौन्सिलच्या वार्षिक फीवर आणि घरी धुवाव्या लागणाऱ्या युनिफॉर्मवर टॅक्स सवलत मागता येते. मंजूर झाली की कोडाचा आकडा थोडा वाढतो. रक्कम मोठी नसते, पण हक्काची आहे.

पगार अचानक जास्त आला तर मात्र मला खरी काळजी वाटते. कमी आला की माणूस ओरडतो, जास्त आला की गप्प बसतो. एका जोडप्यातल्या बायकोने सोमवार-ते-शुक्रवारची नोकरी आणि शनिवार-रविवारी दुकानातली, दोन्हीकडे फॉर्मवर ए वर खूण केली. दोन्हीकडे पूर्ण माफी. दुकानातले वर्षाचे 6,000 बिनटॅक्सचे आले. वर्ष संपल्यावर पी800 नावाचं हिशेबाचं पत्र आलं, 1,200 पौंड बाकी. ते एकरकमी मागितले नाहीत, पुढच्या वर्षाच्या कोडातून वळते केले: 1,200 वसूल करायचे तर 20 टक्के दराने 6,000 ची माफी कमी, म्हणून मुख्य नोकरीचा कोड 657एल. तिला वाटलं दंड लागला. दंड नव्हता, दरमहा शंभर पौंडांचा हप्ता होता. दुसऱ्या नोकरीला बीआर लागतो तो याचसाठी, तो वाईट दिसला तरी बहुधा बरोबर असतो.

भारतातल्या पैशाबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. एनआरई खात्याचं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं खातं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे ते आपोआप करमुक्त होत नाही. आधीची सलग दहा वर्षं इथले रहिवासी नसाल तर 6 एप्रिल 2025 पासून पहिल्या चार वर्षांसाठी परदेशी उत्पन्नाची सवलत मिळते, पण ती रिटर्न भरून मागावी लागते. आणि मागितलीत की त्या वर्षाची 12,570 ची माफी जाते! चार-पाचशे पौंडांच्या व्याजासाठी असला सौदा करू नका. रक्कम मोठी असेल तर अकाउंटंटकडे जा, माझ्याकडे येऊ नका.

"तुमचा टॅक्स रिफंड तयार आहे, इथे क्लिक करा" असा एसएमएस आला तर तो लबाडाचा. एचएमआरसी रिफंडची बातमी एसएमएसने किंवा ईमेलने देत नाही. "आम्ही रिफंड काढून देतो" म्हणणाऱ्या कंपन्या असतात, त्या फुकटात होणाऱ्या कामाचं कमिशन घेतात. मागचं राहून गेलं असेल तर करवर्ष संपल्यापासून चार वर्षं मागता येतं, 2025-26 चं 5 एप्रिल 2030 पर्यंत. त्यासाठी दर वर्षी मेअखेरपर्यंत मिळणारा पी60 जपा, आपल्या फॉर्म 16 चा हा भाऊ.

नाशिककराने फेब्रुवारीतच एचएमआरसीला कळवलं, पण त्या महिन्याचा पगार आधीच ठरला होता, पुन्हा 600 गेले. मार्चच्या पेस्लिपवर 1257एल आला, टॅक्सच्या रकान्यात उणे 1,200. रात्री मेसेज: "काकू, कंपनीने चुकून जास्त पैसे पाठवलेत, परत करू का?"