इन्फ्लुएन्झाच्या प्रतिपिंडांची चाचणी : वस्तीतील रक्तनमुन्यापासून प्लेटवरील टायटरपर्यंत

तापाने फणफणलेल्या रुग्णाला इन्फ्लुएन्झाच झाला आहे का, हे ठरवण्यासाठी प्रतिपिंडांची चाचणी उपयोगाची नाही. त्यासाठी नाकाचा किंवा घशाचा स्वाब घेऊन आरटी-पीसीआर करावी लागते. रक्तातील प्रतिपिंडे वेगळ्याच प्रश्नांची उत्तरे देतात : साथ एखाद्या वस्तीत किती जणांना गाठून गेली, लस घेतल्यावर शरीराने प्रतिसाद दिला का, किंवा कोंबड्यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांना पक्ष्यांमधील विषाणूचा संसर्ग नकळत झाला का. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २००९ च्या साथीत शहरात असे सर्वेक्षण केले होते आणि २०१० मध्ये पुण्यातील कुक्कुटपालन कामगारांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) पक्ष्यांमधील एच९एन२ या फ्लू विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे तपासली होती. असे काम प्रथमच हाती घेणाऱ्या क्षेत्रीय पथकांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी पुढील पद्धत लिहिली आहे.

कामाची आखणी करताना एक गोष्ट आधी ठरवावी : एक नमुना घ्यायचा की जोडी. प्रौढ माणसाला आयुष्यात अनेकदा फ्लू होऊन गेलेला असतो, त्यामुळे एकाच नमुन्यात सापडलेली प्रतिपिंडे गेल्या महिन्यातील की दहा वर्षांपूर्वीची, हे सांगता येत नाही. नुकताच झालेला संसर्ग सिद्ध करायचा असेल, तर आजार सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत पहिला आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा, व दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, म्हणजे लहान खाचांच्या एकाच तबकडीवर, तपासावेत. वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या टायटरांची (सीरम कितपट विरल केले तरी प्रतिपिंडे काम करतात, त्या आकड्यांची) तुलना करण्याचा मोह टाळलेलाच बरा.

संस्थात्मक नैतिकता समितीची मान्यता मिळाल्याशिवाय वस्तीत पाऊल ठेवू नये. संमतिपत्र मराठीत असावे, आणि ज्या गावात अहिराणी किंवा भिली बोलली जाते तेथे ते त्या बोलीत वाचून दाखवावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांसाठी पालकांची संमती तर लागतेच. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढील वयाच्या मुलांची लेखी अनुमती घ्यावी लागते. आशाताईंना आदल्या दिवशी सोबत घेऊन घरोघर फिरल्यास ‘रक्त कशाला हवे?’ या प्रश्नाचे उत्तर लोकांना ओळखीच्या माणसाकडून मिळते. पथकाच्या गाडीवरील भोंग्याने ते साधत नाही. रक्तासाठी उपाशीपोटी असण्याची आवश्यकता नाही, हेही तेव्हाच सांगावे. प्रश्नावलीत वय, गेल्या काही महिन्यांतील तापाचे आजार, पक्ष्यांशी किंवा डुकरांशी येणारा संपर्क आणि लसीची तारीख यांची नोंद हवीच, कारण लसीमुळे तयार झालेली आणि संसर्गामुळे तयार झालेली प्रतिपिंडे पुढील चाचणीत वेगळी ओळखता येत नाहीत.

प्रौढांकडून सुमारे ५ मिलिलिटर रक्त साध्या नळीत घ्यावे आणि ते सामान्य तापमानात अर्धा ते एक तास गोठू द्यावे. सीरम वेगळे करण्यापूर्वी नळी बर्फात गाडू नये किंवा फ्रीझरमध्ये ठेवू नये. पेशी फुटून सीरम लालसर होते आणि तो नमुना बहुधा वाया जातो. सेंट्रिफ्यूज करून वेगळे केलेले सीरम दोन-तीन लहान नळ्यांत विभागावे, म्हणजे पुन्हा तपासणी करताना सगळा साठा वितळवावा लागणार नाही. शीतपेटीतून २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये आणल्यावर ते उणे २० अंशांवर, आणि दीर्घकाळ ठेवायचे असल्यास उणे ७० अंशांवर साठवावे.

प्रयोगशाळेतील मुख्य चाचणी हिमॅग्लुटिनेशन इन्हिबिशनची, म्हणजे बोलीभाषेतील ‘एचआय’ची. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तांबड्या पेशींना एकमेकींशी जखडतो, हे जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये दाखवले. सीरममधील प्रतिपिंडे विषाणूला आधीच अडवून हे जखडणे रोखतात, आणि कितपत विरल सीरम ते रोखू शकते, हे चाचणीत मोजले जाते. मात्र प्रतिपिंड नसलेले काही घटकही मानवी सीरममध्ये असतात आणि तेही विषाणूला अडवून खोटा टायटर दाखवतात. म्हणून एक भाग सीरममध्ये तीन भाग आरडीई हे त्या घटकांना निकामी करणारे विकर (एन्झाइम) मिसळून ते ३७ अंशांवर रात्रभर ठेवावे, मग ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून विकर निष्क्रिय करावे आणि सहा भाग सलाइन घालावे. सीरम आता १:१० झालेले असते. घाईत असलेल्या प्रयोगशाळा हीच पायरी आखडती घेतात, आणि अविश्वसनीय वाटणारे उंच टायटर बहुधा येथूनच येतात.

प्लेटवर २५ मायक्रोलिटर सीरमपासून सुरुवात करून दुप्पट-दुप्पट विरल करत जावे : १०, २०, ४०, याप्रमाणे १२८० पर्यंत. प्रत्येक खाचेत २५ मायक्रोलिटरमागे ४ एचए एकके (विषाणूची पेशी जखडण्याची क्षमता मोजणारी एकके) असलेला विषाणू तितक्याच प्रमाणात घालावा, १५ ते ३० मिनिटे थांबावे आणि मग ५० मायक्रोलिटर तांबड्या पेशी सोडाव्यात. टर्कीच्या पेशी ०.५ टक्के, व्ही आकाराच्या तळाच्या प्लेटमध्ये, ३० मिनिटे. गिनीपिगच्या पेशी यू आकाराच्या तळात, सुमारे एक तास. विषाणूची एकके त्याच दिवशी पुन्हा मोजून पाहावीत. एकके जास्त झाल्यास सगळे टायटर खाली घसरतात, कमी झाल्यास फुगतात. विषाणूविना केवळ सीरम आणि पेशी असलेली खाच प्रत्येक नमुन्यासाठी ठेवावी. तेथेच पेशी गोळा झाल्या तर ते सीरम आधी दाबून बसवलेल्या तांबड्या पेशींबरोबर ठेवून शुद्ध करून घ्यावे लागते.

वाचन करताना प्लेट तिरकी धरावी. मोकळ्या पेशींचा ठिपका अश्रूसारखा खाली ओघळतो; जखडलेल्या पेशी जाळीसारख्या पसरून राहतात. पूर्ण ओघळ दिसणारी शेवटची खाच हा टायटर. जोडीतील नमुन्यांत चौपट वाढ, म्हणजे दोन खाचांचा फरक, असल्यासच संसर्ग मानतात, कारण एका खाचेचा फरक चाचणीच्या नेहमीच्या चढउतारातही पडतो. १:४० हा टायटर संसर्गाचा धोका साधारण निम्म्याने घटण्याशी जोडला जातो, पण तो समूहाचा निकष आहे. ‘तुमचा टायटर ४० आला, आता तुम्ही सुरक्षित’ असे कोणाला सांगू नये. समूहाची सरासरी भौमितिक काढावी : १०, ४० आणि १६० यांची साधी सरासरी ७० येते, भौमितिक ४०. ज्यांचा टायटर १० पेक्षा कमी आहे, त्यांच्यासाठी प्रथेप्रमाणे ५ हा आकडा धरतात.

अलीकडील अनेक एच३एन२ विषाणू टर्कीच्या पेशींना नीट जखडत नाहीत, तर काही न्युरामिनिडेज या आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्याच आधारे चिकटून चाचणीला चकवतात. तेव्हा गिनीपिगच्या पेशी आणि न्युरामिनिडेजला रोखणारे ओसेल्टामिविर हे औषध वापरतात, किंवा थेट मायक्रोन्यूट्रलायझेशनकडे वळतात. त्यात कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या एमडीसीके पेशींवर जिवंत विषाणू आणि सीरम एकत्र घालून संसर्ग किती रोखला गेला हे पाहतात. पक्ष्यांमधील विषाणूंसाठी घोड्याच्या १ टक्का पेशींची एचआय केली, तरी तिच्या निकालाला मायक्रोन्यूट्रलायझेशनचा दुजोरा घ्यावा. जिवंत एच५एन१ हाताळायचा असल्यास बीएसएल-३ या उच्च जैवसुरक्षा दर्जाची प्रयोगशाळा लागते. ती नसल्यास नमुने शीतसाखळीत संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावेत, आणि प्रत्येक नमुन्यासोबत रक्त घेतल्याची तारीख, आजार सुरू झाल्याची तारीख व लसीची नोंद जोडावी.