तळ्याकडची मेर गणपतीपर्यंत मारू नका

आमच्या मालवण तालुक्यात भाताच्या कुणग्याच्या, म्हणजे खाचराच्या, बांधाला मेर म्हणतात. लावणी आटपली की मेर तासून लख्ख करायची, तीच चांगल्या शेतीची खूण, असं मीही मानत आले. चार वर्षांपूर्वी जुलैत ग्रासकटरवाला बोलावून तळ्याकडची मेर मारून घेतली. पात्याच्या अगदी पुढ्यातून हळदी-कुंकू बदक फडफडत उठलं. गवतात मऊ पिसांचं अस्तर घातलेली वाटी होती, तीत नऊ अंडी, त्यातली पाच फुटलेली. मादी परत आली नाही. संध्याकाळपर्यंत कावळ्यांनी उरलेलीही नेली. ते मला अजून लागून राहिलं आहे. त्यानंतर मी शेत कसं करते ते सांगते.

पावसाळ्यात आपल्याकडे घर मांडणारी रानबदकं मुख्यतः तीन. हळदी-कुंकवाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणून ते नाव. ते जमिनीवरच, पाण्याजवळच्या दाट गवतात घरटं करतं. रात्री शिट्टी घालत डोक्यावरून जाते ती अडई. ती आणि छोटी काणूक झाडाची ढोली शोधतात. अडई कधी गवतातही बसते. म्हणून मेरेवरचा पोकळ आंबा 'काय कामाचा' म्हणून तोडू नका.

सगळ्या मेरा राखायची गरज नाही. पाण्याला लागून असलेली एक राखा, गुडघाभर गवताची. बाकीच्यांचं गवत खुशाल गुरांना घाला. किती दिवस? हळदी-कुंकू साधारण आठ ते चौदा अंडी घालतं, रोज एक. सगळी झाल्यावर मादी बसते, आणि पुढे जवळजवळ 24 दिवस उबवते. म्हणजे पहिल्या अंड्यापासून पाच-सहा आठवडे तिथे कोयता, ग्रासकटर, तणनाशक काहीच नको. लावणीपासून गणपतीपर्यंत धरलंत तर बहुतेक घरटी निभावतात.

खरी अडचण कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची. त्या मेरेला बिळं पाडतात आणि कुणग्यातलं पाणी रात्रीत उतरतं. पूर्वी लोक बिळात फोरेट या विषारी कीटकनाशकाचे दाणे सोडत. 2020 च्या अखेरीपासून त्यावर देशभर बंदी आहे, तरी कुणाच्या माळ्यावर जुनी पुडी असेल तर ती बाहेर काढू नका. मी कुणग्यात उभी राहून आतल्या बाजूने चिखल आणि पेंढ्याचा गोळा बिळात दाबते. गवतात पाय टाकावा लागत नाही. राखलेल्या मेरेलगतच्या दोन कुणग्यांत कीटकनाशकही मारत नाही, कारण पिल्लं पहिले काही आठवडे किडे-अळ्यांवरच वाढतात.

घरटं दिसलं तर लांबूनच मागे फिरा. शेजारच्या काकी मला हात करून म्हणायच्या, "गे, थंयसर जाव नको, ती बसलीहा." माणसाच्या वाटेवर कावळा आणि मुंगूस दोघांची नजर असते. मादी चरायला जाताना अंड्यांवर पिसं-गवत ओढून जाते, म्हणून ती टाकून दिलीत असं वाटतं. अंडी उचलून खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि पिल्लांना पाण्यावर नेणारी आईही जाते. कुत्रा मात्र बांधूनच ठेवा.

नुकसान होतं का? होतं. दाणा भरला की अडईचा थवा रात्री पाणी असलेल्या कुणग्यात उतरतो. मी कापणीआधी आठ-दहा दिवस पाणी काढते, तसंही ते काढायचंच असतं, मग त्रास कमी होतो. कडेच्या चार ओळी गेल्या तर जाऊ देते.

शेवटचं काम पिल्लं बाहेर पडण्याआधीचं. अंड्यातून निघाल्यावर लवकरच आई त्यांना पाण्याकडे चालवत नेते. आमच्या तळ्याला चिऱ्यांची उभी भिंत आहे, पिल्लांना ती चढता येत नाही. तिथे मी पोफळीची चिरलेली फाळकी तिरकी टेकवून ठेवते, वर काथ्याची दोरी गुंडाळून, म्हणजे पाय घसरत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये त्यावरून अकरा पिल्लं एकामागून एक वर आली. शेवटचं दोनदा पाण्यात पडलं, आई वर थांबून राहिली, तिसऱ्यांदा आलं.