वाचनालयाची यादी ऑनलाइन न्यायची, तर आधी एकच कपाट

दापोलीच्या खाली, समुद्राची गाज ऐकू येते एवढ्या अंतरावर आमचं वाचनालय आहे. पुस्तकं चार हजारांवर, ग्रंथपाल मी एकटी. दर गणपतीत मुंबईहून आलेला कोणी ना कोणी मला नवं ॲप सुचवतो. बरीच करून पाहिली, बरीच सोडली. जे टिकलं ते करायच्या क्रमानं सांगते.

१. एक कपाट उघडा

सगळं वाचनालय एकदम अंगावर घेऊ नका. शंभरेक पुस्तकांचं एक कपाट घ्या, कसरीची धूळ झटका आणि गुगल शीट्समध्ये नवा तक्ता उघडा. रकाने सात पुरेत: दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात आलं की वहीत मिळतो तो नंबर), शीर्षक, लेखक, प्रकाशन वर्ष, वर्गांक, कपाट, शेरा. ड्यूई पद्धतीचा वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाला दिलेला आकडा, पाठीवर असेल तर तोच उतरवा. मराठी काव्य ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३.

२. नोंद कशी लिहायची ते ठरवा

खरं काम इथेच आहे, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. माणूस 'वि.वा.' आणि 'वि. वा.' एकच वाचतो, पण शोधताना मधल्या एका मोकळ्या जागेनं नोंद हुकते. आडनाव आधी की नाव आधी, आद्याक्षरांत जागा सोडायची की नाही, अंक मराठी की इंग्रजी, हे एका कागदावर लिहून टेबलाला चिकटवा. दाखल क्रमांक अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी अंकांत पडले, तर क्रम कधीच लागणार नाही.

पहिल्या आठवड्यात तक्ता एका जुन्या वाचकांच्या हाती दिला. त्यांनी 'कुसुमाग्रज' टाइप केलं, एकही नाटक येईना. "बाय, सगळी नाटकं वाळवीन खाल्लीन की काय गो?" नाटकं कपाटातच होती, पण मुखपृष्ठावर होतं तसं मी 'शिरवाडकर, वि. वा.' लिहिलं होतं. कविता एका नावावर, नाटकं दुसऱ्या. तेव्हापासून टोपणनावाचा आठवा रकाना आहे.

पूर्वी कोणी जुन्या फॉन्टमध्ये यादी टाइप करून ठेवली असेल, तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर दुसऱ्या फोनवर नुसती चिन्हं दिसतात.

३. टाइप कमी करा

फोनच्या कीबोर्डवरच्या माइकला मराठीत शीर्षक सांगा, बहुतेक वेळा बरोबर उमटतं. आडनावं मात्र तपासा, कोकणातली आडनावं त्याला झेपत नाहीत. २००७ पासूनच्या बहुतेक पुस्तकांवर तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, असतो. तो गुगल बुक्समध्ये टाकला तर पुष्कळदा माहिती आयती मिळते. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, तिथे हातानंच लिहायचं.

४. वीज जाणार हे धरूनच चला

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. संगणकावर क्रोममध्ये गुगल ड्राइव्हच्या सेटिंगमधला ऑफलाइन पर्याय नेट असतानाच चालू करून ठेवा. रेंज आली की भरलेल्या नोंदी आपोआप वर चढतात. महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. दाखलनोंदवही बंद करायची नाही. तपासणीला आले की आमच्याकडे आधी वहीच मागतात.

एकदा मी फक्त शीर्षकांचा रकाना अकारविल्हे लावला. बाकीचे रकाने जागेवरच राहिले आणि प्रत्येक पुस्तकाला दुसऱ्याच पुस्तकाचा क्रमांक चिकटला. घाम फुटला. फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्ट्रीतून आदल्या दिवसाचा तक्ता परत आणला. क्रम लावायचा तर पूर्ण शीटचा लावा.

५. वाचकांना दाखवा

लिंक फक्त पाहण्यापुरती द्या. सभासदांचे फोन नंबर आणि देवघेव यांची फाइल वेगळी ठेवा, तिची लिंक कोणालाही नको. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करणार असाल, तर वाचकांना आधी वाचनालयाचा नंबर सेव्ह करायला लावा. न केलेल्यांना निरोप जातच नाही. चाकरमान्यांसाठी हे फार कामाचं, कारण गणपतीला नेलेलं पुस्तक शिमग्याला परत येतं, तेही आठवण केली तर.

६. मोठं सॉफ्टवेअर नंतर

ई-ग्रंथालय हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं. कोहा हे तशाच कामाचं, न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं, मोफत. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेटवस्तू. दोन्ही चांगली आहेत, पण कोहाचा सर्व्हर सांभाळायला जाणकार माणूस लागतो आणि आमच्याकडे तो फक्त मे महिन्यात आंबे खायला येतो. नीट भरलेला तक्ता थोडं रूपांतर करून पुढे त्यांत चढवता येतो, म्हणून घाई नाही. माझं सध्या पाचवं कपाट चालू आहे.