फ्रेझल व्हर्ब पाठ करू नका, 'इट' कुठं बसतं ते बघा

आधी ती अर्थासकट पाचशे फ्रेझल व्हर्बवाली पीडीएफ डिलीट करा. फ्रेझल व्हर्ब म्हणजे इंग्रजी क्रियापद आणि त्याला चिकटलेले अप, ऑफ, आउट असले एकदोन छोटे शब्द, मिळून अर्थ वेगळाच. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर असं ओळीनं घोकलं की लिहायच्या वेळी सगळ्याची खिचडी होते, माझी दोन वर्षं त्यातच गेली.

शब्द सुटे करून अर्थ लावायचा नाही. आपण 'खाऊन टाक' म्हणतो तेव्हा कोणी काही टाकत नाही, 'बोलून बसलो' म्हणणारा खुशाल उभा असतो, तसंच 'गिव्ह अप'मध्ये कोणी कोणाला काही देत नाही. जोडी अख्खी घ्यायची, एका वाक्यासकट वहीत लिहायची, झालं.

आता खरी मेख. 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ' पण चालतं, मग मला वाटलं 'टर्न ऑफ इट' पण चालत असेल. नाही चालत! फॅनच्या जागी इट, देम, हिम असलं काही आलं की ते मधेच घालायचं, 'टर्न इट ऑफ'. मी एका क्लायंटला मेलमध्ये 'प्लीज फिल आउट इट' लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं 'विल फिल इट आउट टुडे', तेव्हा कुठं ट्यूब पेटली.

ट्यूब पेटली ती जरा जास्तच, कारण मग मी दिसेल ते तोडायला लागलो, 'लुक हर आफ्टर' वगैरे. लुक आफ्टर, लुक फॉर, रन इंटू हे तुटत नाहीत. रन आउट ऑफ, पुट अप विथ अशा तीन शब्दवाल्यांत पण 'इट' शेवटीच. आणि नुसतं बघून ओळखता येईल या भ्रमात राहू नका. 'रॅन अप द बिल' म्हणजे बिल वाढवून ठेवलं, 'रॅन अप द हिल' म्हणजे टेकडी पळत चढला, दिसायला जुळे भाऊ, पण बिलाचं होतं 'रॅन इट अप' आणि टेकडीचं 'रॅन अप इट'. म्हणून वहीत नुसतं 'टर्न ऑफ' लिहूच नका, 'टर्न इट ऑफ' आणि 'लुक आफ्टर इट' असंच लिहा. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या डिक्शनरीत 'टर्न समथिंग ऑफ' असं छापलेलं असतं, ते 'समथिंग' जिथं तिथंच तुमचं 'इट', एवढं बघायला पाच सेकंद लागतात.

अजून एक, कर्म लांबलचक असेल तर मधे कोंबू नका. 'कॉल ऑफ द मीटिंग वुई हॅड प्लॅन्ड फॉर फ्रायडे' लिहा, ते 'ऑफ' पार शेवटी नेलं तर वाचणारा तिथं पोचेपर्यंत 'कॉल' विसरलेला असतो. आणि कॉल ऑफ म्हणजे रद्द, पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं, यात घोळ केलात तर मीटिंगला कोणीच येणार नाही.

स्पेसचं सोपंय: क्रियापद असेल तर 'लॉग इन', 'सेट अप', 'बॅक अप' सुटं, नाम असेल तर जोडून. 'कोप अप विथ' लिहू नका, तिथं 'अप' नाहीच, नुसतं 'कोप विथ'.

परदेशात मेल जाणार असेल तर 'प्रीपोन'ऐवजी 'ब्रिंग फॉरवर्ड' वापरा. आणि 'आय पास्ड आउट इन 2015' तर अजिबात नको, खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड असते ते ठीक, पण तिकडच्या साध्या माणसाला वाटतं तुम्ही 2015 मध्ये चक्कर येऊन पडला होतात. 'ग्रॅज्युएटेड' लिहा.