गाडीच्या जुन्या पार्टचा गंज घरच्या घरी काढताना या चुका टाळा

वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा पार्ट) मी एका रात्री व्हिनेगरच्या डब्यात टाकला आणि निवांत झोपलो. सकाळी बघतो तर डब्यात करडा फेस. लख्ख होऊन निघेल म्हणून टाकलेली बॉडी खडूसारखी पांढुरकी, हाताला खरखरीत. स्क्रूच्या आटे पाडलेल्या भोकांतून चक्क भुकटी सांडत होती. मिस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "पण याला गंज होता कुठे?"

नव्हताच. गंज लोखंडाला चढतो, आणि कार्बोरेटरची बॉडी असते जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाची. तिच्यावर दिसत होता तो जुन्या पेट्रोलचा तपकिरी थर. पेट्रोलनं आणि दात घासायच्या ब्रशनं तो पंधरा मिनिटांत गेला असता.

त्यानंतर याच गाडीच्या बोनेटच्या बिजागऱ्या, जॅक, बंपरचे ब्रॅकेट, पेट्रोलची टाकी असं बरंच काही बादलीत घालून झालं. घर रत्नागिरीत, समुद्र जवळ, त्यामुळे गंजाचा तुटवडा नाही. एक मात्र कळलं, की गंज काढणं अवघड नाहीच. पार्ट वाया जातात ते बादलीत टाकण्याआधी पाच मिनिटं पाहिलं नाही म्हणून, नाहीतर बाहेर काढल्यावर अर्धा तास आळस केला म्हणून.

बादलीत टाकण्याआधी

जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून ठेवा. चिकटलं तर लोखंड, पुढे जा. नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियम, जस्त किंवा पितळ, त्याला आंबट काही लावू नका. यात एक फसगत आहे. झिंक प्लेटिंग केलेल्या नट-बोल्टला आणि क्लिपांनाही चुंबक चिकटतं, कारण आत लोखंडच असतं. ते अ‍ॅसिडमध्ये पडताच जोरात बुडबुडे सुटतात आणि आपल्याला वाटतं, वा, काय काम करतंय! प्रत्यक्षात गंजाच्या आधी वरचा जस्ताचा थर उतरत असतो. असा उघडा पडलेला बोल्ट पहिल्याच पावसात लाल होतो. प्लेटिंग अजून बरं असेल तर पितळी तारेच्या ब्रशनं हातानं घासा आणि थांबा.

स्प्रिंगा, कमानपाटे आणि डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असा ताकदीचा आकडा कोरलेले कडक पोलादाचे बोल्ट यांना अ‍ॅसिडपासून लांबच ठेवा. अ‍ॅसिडची लोखंडाशी क्रिया होताना हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. वरून काही कळत नाही. बोल्ट छान चमकतो आणि आवळताना किंवा नंतर गाडी रस्त्यावर असताना कडकन तुटतो. हे पार्ट ब्रशनं, पॉलिश पेपरनं साफ होतात, तेवढ्यावर भागवा.

ब्रेकच्या पाइपांचं तर बोलायलाच नको. गंजून खड्डे पडलेला ब्रेकपाइप साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. बेअरिंगचंही तसंच. गंज म्हणजे वर बसलेला मळ नव्हे, ते खाल्लं गेलेलं लोखंडच आहे. तो निघाला की जागी खड्डा उरतो, आणि खड्डे पडलेली बेअरिंग कितीही चकाकली तरी घरघरणारच.

आता सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट: तेल-ग्रीस काढणं. जॅक मी पहिल्यांदा तसाच बुडवला होता. दुसऱ्या दिवशी अर्धा चकचकीत, अर्धा जसाच्या तसा, बिबट्यासारखा ठिपकेदार. ग्रीसखाली अ‍ॅसिड पोचतच नाही. आधी डिझेलनं धुवा, मग भांड्यांच्या साबणानं आणि गरम पाण्यानं. धुतल्यावर पाणी पार्टवर एकसारखं पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन ओघळत असेल तर तेल अजून आहे. सुट्या खपल्या आणि पापुद्रे ब्रशनं आधीच पाडून घ्या, नाहीतर निम्मं अ‍ॅसिड त्यांच्यावरच खर्च होतं. जुना रंग कोरडा घासताना मात्र मास्क हवा, कारण त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं.

कशात बुडवायचं

लिंबू आणि मीठ हा उपाय सगळीकडे सांगतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना तो ठीक आहे, लोखंडाला नाही. समुद्राकाठच्या गाड्या ज्यामुळे सडतात तेच मीठ आपण हातानं खड्ड्याखड्ड्यांत भरतो. वरून कितीही धुतलं तरी थोडं आत राहतं आणि महिन्याभरात रंगाखालून फोड येतात. चिंचेच्या कोळाचा प्रयोग मी केलाय. काम अगदी हळू होतं आणि मुंग्या भरपूर येतात.

कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं खरं, पण अगदी थोडं, आणि साखर मात्र भरपूर. एखाद्या बोल्टपुरती गंमत म्हणून करा.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, गंज झटक्यात काढतं आणि तोच त्याचा दोष आहे. गंज संपला तरी ते थांबत नाही, चांगलं लोखंड खात राहतं. शिवाय त्याच्या वाफेनं त्याच पडवीत टांगलेले पाने आणि पकडी आठवडाभरात लाल होतात. ते ब्लीचिंगच्या कुठल्याही द्रवात मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, तो जीवावर बेततो.

व्हिनेगर चालतं. बाजारातलं साधं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं. ते पाणी न घालता तसंच वापरायचं, रात्रभर ठेवायचं. पण मोठ्या पार्टला पाच-सहा बाटल्या लागतात आणि घरभर वास सुटतो. माझं मत विचाराल तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. किराणा दुकानात ढोकळा-सरबतासाठी खड्यांसारखं मिळतं तेच. लिटरभर गरम पाण्याला ५० ते ६० ग्रॅम, पोहे खायच्या चमच्यानं साधारण चार. हलका गंज दोन-तीन तासांत सुटतो, जुना असेल तर रात्रभर. दर काही तासांनी बाहेर काढून ब्रश मारायचा आणि पुन्हा घालायचा. दोन-दोन दिवस विसरून गेलात तर चांगल्या लोखंडाचा पृष्ठभागही करडा आणि खरबरीत होतो.

बादली प्लॅस्टिकची घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेतलंत तर पार्टबरोबर पातेलंही जातं, आणि घरात त्याचा हिशोब वेगळा द्यावा लागतो. झाकण घट्ट लावू नका, आत गॅस तयार होत असतो. पार्ट पूर्ण बुडला पाहिजे. अर्धा वर राहिला तर पाण्याच्या रेषेवर हवा आणि अ‍ॅसिड दोन्ही मिळून लोखंड जास्त खातात आणि तिथे कायमची खाच पडते. माझ्या डाव्या बिजागरीवर ती रेघ अजून आहे, रंगाखालूनही बोटाला लागते.

घाई नसेल तर मळी. उसाची मळी (साखर कारखान्यात उरणारा काळा चिकट पाक) एक भाग, पाणी नऊ भाग, दोन ते तीन आठवडे. चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतकामाला हेही चालत नाही. फेस येतो, वास तर विचारू नका. डबा घरापासून लांब, शेजाऱ्यांच्या वाऱ्याच्या दिशेला नको.

बाहेर काढल्यावरचा अर्धा तास

"काल स्वच्छ झाला होता, आज पुन्हा पिवळा" ही तक्रार सगळ्यांचीच असते. अ‍ॅसिडमधून निघालेलं लोखंड अगदी उघडं असतं, वर कसलंच कवच नाही. आमच्याकडे जुलैत तर टॉवेल शोधेपर्यंत त्यावर नारिंगी झाक येते. म्हणून हे काम मी एप्रिल-मेमध्ये करतो, नाहीतर मग थेट ऑक्टोबरच्या उन्हात.

पार्ट बाहेर काढण्याआधी सगळी मांडामांड तयार ठेवा. एका बादलीत साधं पाणी, दुसरीत लिटरला दोन चमचे खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, गॅसवर उकळतं पाणी, सुती फडकं आणि तेल. साध्या पाण्यात ब्रशनं घासून धुवा, सोड्याच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा. भोकांत, आट्यांत, दुमडीत सोड्याचं पाणी गेलंच पाहिजे, कारण अ‍ॅसिड लपून राहतं ते तिथेच. मग वरून उकळतं पाणी ओता. लोखंड इतकं तापतं की त्यावरचं पाणी आपोआप उडून जातं. फडक्यानं पुसून लगेच उन्हात. आमच्या मागच्या कातळावर दुपारी बारा वाजता ठेवलेला ब्रॅकेट दहा मिनिटांत हातात धरवत नाही, एवढं झालं की वाळला समजायचं.

विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचं धुणं त्यानं करू नका. त्यातलं मीठ सगळ्या कष्टांवर पाणी फिरवतं. शेवटी पिण्याचं पाणी वापरा.

पुढे काय करायचं हे आधीच ठरवा. नुसतं ठेवून द्यायचं असेल तर गरम असतानाच इंजिन ऑइलचा हात फिरवा. रंग द्यायचा असेल तर तेलाचं बोटही लावू नका, थिनरनं पुसून त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात. रेड ऑक्साइडचा लाल प्रायमर मारून "झालं काम" म्हणत गाडी पावसात उभी करणारे पुष्कळ आहेत. प्रायमर पाणी शोषतो. त्यावर रंगाचे दोन हात हवेतच.

बाहेर काढल्यावर पार्ट काळा दिसला तर घाबरू नका. तो काजळीसारखा थर असतो, ओल्यावरच काथ्यानं घासला की जातो. वाळल्यावर पिवळट-पांढरी भुकटी दिसली तर धुण्यात कसर राहिली, पुन्हा सोड्याचं पाणी. नारिंगी झाक आलीच तर पाच मिनिटं पुन्हा लिंबूसत्त्वात आणि सगळी वारी नव्यानं.

बॅटरी चार्जरवाली पद्धत

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ व्होल्टच्या चार्जरनं गंज काढता येतो. चार लिटरला एक मोठा चमचा सोडा. यात चांगलं लोखंड खाल्लं जात नाही, पण फक्त वायरी बरोबर लागल्या तर. आपल्या पार्टला निगेटिव्ह, भंगारातल्या लोखंडी पट्टीला पॉझिटिव्ह. उलटं झालं तर पट्टी शाबूत राहते आणि पार्ट झिजतो. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताट कधीही लावू नका. त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. "करंट जास्त जाईल" म्हणून मीठ टाकलंत तर क्लोरीन सुटेल. हायड्रोजन तर सुटतोच, म्हणून उघड्यावर, आणि विडी-सिगारेटवाल्या मित्राला त्या दिवशी बोलावू नका. वायर हलवण्याआधी चार्जर बंद करा, ठिणगी पडायला नको. हल्लीचे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत. चार्जर बिघडला म्हणून तो उघडत बसू नका. आणि घरातल्या सॉकेटमधून थेट वायर काढण्याचा विचारही नको, तो २३० व्होल्ट आहे.

टाकी

पेट्रोल काढलं म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही. उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. साबणाच्या पाण्यानं तीन-चारदा धुतल्याशिवाय पुढचं काही नको, आणि वाळवायला व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. आतला गंज सुटावा म्हणून मूठभर नट टाकून टाकी हलवतात. मीही हलवली. नट मोजून टाका! मी अंदाजे टाकले होते आणि पुढचे दोन महिने वळणावर मागून खुळखुळ ऐकली. फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) काढून ठेवा, लिंबूसत्त्वाचं पाणी काठोकाठ भरा. साफ झाल्यावर टाकी गळायला लागली तर अ‍ॅसिडला दोष देऊ नका. भोक आधीच होतं, गंजानं बुजवून धरलं होतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीत अर्धी टाकी ठेवणं म्हणजे पुन्हा गंजाला आवतण.

क्रोम आणि पत्रा

बंपरच्या क्रोमला हिरवी घासणी किंवा पॉलिश पेपर लावाल तर चरे कायमचे. पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद पाण्यात भिजवून हलक्या हातानं चोळा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, गंज निघतो आणि चकाकी राहते. जिथे क्रोम सुटून पापुद्रा आलाय तिथे मात्र घरगुती काही चालत नाही.

दार किंवा बोनेट बादलीत मावत नाही. तिथे टिश्यू पेपर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून चिकटवा, वरून प्लॅस्टिक लावा, वाळू देऊ नका. त्याआधी दाराच्या खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत घुसला तर त्यावर पुट्टी भरू नका, पत्रा कापून वेल्डिंगच लागेल. नाही घुसला तर दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा. माझ्या डाव्या दारातून मूठभर ओली माती, फणसाची कुजलेली पानं आणि वडिलांनी कधीतरी हरवलेली आठाची रिंग स्पॅनर निघाली, गंजून लाल. ती आता लिंबूसत्त्वात आहे.